खेळ थांबवण्याचा अधिकार

सिंधुदुर्गातील दशावतारी कलावंतांविषयी एक जुनी म्हण आहे : रात्रीचा राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. कार्तिक महिन्यात देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी गावोगाव हिंडू लागतात. एका गावात रात्रभर खेळ करायचा, उजाडले की मुक्काम हलवायचा आणि रात्री दुसऱ्या गावात उभे राहायचे, असा हा क्रम पावसाळ्यापर्यंत चालतो. मोटारी नव्हत्या त्या काळी, ज्याने रात्रभर मुकुट धारण करून एका साध्या बाकड्याला सिंहासनाचा मान मिळवून दिला, तोच राजा पहाटे मुकुट पेटाऱ्यात ठेवी आणि तो पेटारा डोक्यावर घेऊन पुढची वाट धरी. या म्हणीत थट्टा आहे, पण तिच्याखाली करुणाही आहे. आपण ज्याला रात्री नमस्कार केला, त्याला सकाळी आपण ओळखतो का, असा प्रश्न ती न विचारता विचारते.

प्रस्तुत लेखात मला या फिरत्या नाटकवाल्यांच्या जीवनातील एका नियमाचा विचार करावयाचा आहे. काहीही होवो, खेळ थांबता कामा नये, हे नाट्यव्यवसायाचे जगभर मान्य झालेले ब्रीद आहे. घरी मृत्यू घडला, अंगात ताप भरला, प्रवासात गाडी बिघडून रात्र जागून काढावी लागली, तरी ठरलेल्या वेळी पडदा वर गेला पाहिजे. आपण प्रेक्षक या ब्रीदाचे मोठ्या अभिमानाने कौतुक करतो. परंतु नीतिशास्त्राच्या दृष्टीने हे ब्रीद म्हणजे सद्गुण आहे की क्रौर्य? आणि खेळ थांबू नये, असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हे जीवन कसे घडले ते पाहू. मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर' या नाटकाने झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा त्या उपक्रमाला आश्रय होता. १८५१ साली ते निवर्तले आणि राजाश्रय संपला. तेव्हा भावे यांना आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले, आणि १८५३ साली ते मुंबईत येऊन खेळ करू लागले. म्हणजे मराठी नाटकाचा दौरा हा हौसेतून जन्मलेला नाही. पोटाच्या गरजेतून जन्मलेला आहे. एका राजाच्या जागी हजारो प्रेक्षक आश्रयदाते झाले आणि त्या आश्रयदात्यांच्या दारी नाटकाला चालत जावे लागले.

पुढे किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व अशा नामांकित मंडळ्या झाल्या. मंडळीचे बिऱ्हाड ही एक स्वतंत्र वस्तीच असे. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, हिशेबनीस, लहान मुले असे सर्वजण एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. एका गावचा मुक्काम आटोपला की ट्रंका, पडदे, पेट्या, भांडीकुंडी असा सारा संसार रेल्वेने पुढच्या गावी जाई. पठ्ठे बापूरावांच्या परंपरेतील तमाशाचे फड आजही दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रा संपेपर्यंत हिंडतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन जत्रेची सुपारी देतात आणि इसार मोजतात. हंगामापूर्वी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, फडमालक सावकाराकडून कर्ज घेतो, आणि साऱ्या हंगामाचे नाचणेगाणे त्या कर्जाच्या फेडीला जुंपलेले असते.

आपल्या समाजालाही फिरत्या नाटकाचे ऋण आहे. कोंकणी तियात्राचा पहिला खेळ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरमध्ये झाला. त्याचे कर्ते लुकासिन्यो रिबेरो हे पोटासाठी मुंबईस आलेले गोवेकर. भारताच्या दौऱ्यावर आलेल्या एका इटालियन संगीतनाटक मंडळीत त्यांनी पडद्यामागचे काम पत्करले, तिच्याबरोबर शहरोशहरी ते हिंडले, आणि मंडळी ब्रह्मदेशाकडे निघाली तेव्हा तिचे काही पोशाख विकत घेऊन मुंबईस परतले, असे सांगितले जाते. उपनगरांतील गोवेकर कुटुंबे आजही ज्या तियात्रांना सहकुटुंब जातात, त्यांचे मूळ एका भटक्या मंडळीच्या ट्रंकेत आहे.

जुहूचे पृथ्वी थिएटरही असेच दोन फिरत्या मंडळ्यांचे अपत्य म्हणावे लागेल. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली स्थापन केलेली मंडळी देशभर हिंडली. खेळ संपला की हा विख्यात नट स्वतः दारात झोळी पसरून मान खाली घालून उभा राही आणि प्रेक्षक जे टाकतील ते सत्कार्यासाठी पाठवी. दुसरी मंडळी जेफ्री केंडल यांची 'शेक्सपीअराना'. शेक्सपीअरची नाटके घेऊन हे इंग्रज कुटुंब भारतातील शाळांतून, संस्थानिकांच्या महालांतून आणि कॉन्व्हेंटच्या सभागृहांतून वर्षानुवर्षे फिरत राहिले. पृथ्वीराजांचे पुत्र शशी आणि केंडल यांची कन्या जेनिफर यांचा विवाह १९५८ साली झाला. ज्यांचे बालपण आणि तारुण्य नाटकाच्या सामानाबरोबर प्रवासात गेले, अशा या दोघांनी १९७८ साली जुहूला नाटकासाठी एक कायमचे घर उभारले.

आपल्या उपनगरांतील मराठी नाटकाचा प्रेक्षक पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात आरामात बसून नाटक पाहतो. तीच मंडळी खेळ संपल्यावर नेपथ्य उतरवतात, बसमध्ये भरतात आणि रात्रीतून दुसऱ्या जिल्ह्याची वाट धरतात. दौरा आटोपून पहाटे परतणारी बस कोणाला घाटकोपरला, कोणाला मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरवते. पडद्यामागच्या कामगाराचा हिशेब 'नाइट'वर असतो. जितके प्रयोग तितक्या नाइट; प्रयोग नाही तर पैसेही नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे नाट्यगृहे बंद झाली आणि मधला थोडा काळ वगळता २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती पूर्ववत उघडली नाहीत, तेव्हा या एका शब्दाचा अर्थ अनेक घरांतील चुलींना कळला.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेऊन आता तीन प्रसंगांचा विचार करू.

पहिला प्रसंग फ्रान्समधील आहे. विख्यात नाटककार आणि नट मोल्येर याने पॅरिसमध्ये नाव कमावण्यापूर्वी सुमारे तेरा वर्षे आपली मंडळी घेऊन प्रांतोप्रांती भ्रमंती केली होती. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी तो क्षयाने जर्जर झालेला असताना त्याच्या नव्या नाटकाचा चौथा प्रयोग होता. आज काम करू नये, असे आप्तांनी विनविले. त्याच्या चरित्रकाराने नोंदविले आहे की त्याने आपल्या मंडळीतील पन्नासेक गरीब कामगारांची आठवण दिली. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या त्या माणसांनी आज काय खावे, अशी त्याची विवंचना होती. तो रंगमंचावर उभा राहिला, प्रयोग पुरा केला आणि काही तासांतच घरी मरण पावला. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, त्या नाटकात तो स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका करीत होता.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईतील आहे. १२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने केला. नायिका भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती आणि त्यांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्याच दिवशी त्यांची तान्ही कन्या वारली. तरीही ते रंगभूमीवर आले, हसले, रुसले, गायले. तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अमर झाला.

तिसरा प्रसंग विठाबाई नारायणगावकर यांचा. तमाशाच्या फडातच वाढलेल्या या थोर कलावतीचे दिवस भरत आले होते, तरी त्या नाचत होत्या. खेळ चालू असताना वेणा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ कापली आणि उरलेला खेळ करण्यासाठी पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, असे महाराष्ट्रभर सांगितले जाते. येथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बाईंच्या देहात झालेला फरक प्रेक्षकांच्या लक्षात आला, त्यांनी विचारणा केली, आणि खरा प्रकार कळताच त्यांनीच खेळ थांबवला. बाईंचा सन्मान करून त्यांना विश्रांती घेण्यास सांगितले.

या तीनही प्रसंगांत कलावंताने शब्द पाळला. पण तिसऱ्या प्रसंगात एक अधिक गोष्ट घडली आणि ती प्रेक्षकांकडून घडली. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे दडलेले आहे, असे मला वाटते.

वचनाचे बंधन कसे संपते, याविषयी नीतिशास्त्राची शिकवण साधी आहे. परिस्थिती मुळापासून पालटली, किंवा वचन पाळणे अशक्य झाले, तर बंधन उरत नाही. त्याखेरीज आणखी एक मार्ग आहे : ज्याला वचन दिले त्याने वचन देणाऱ्याला मोकळे करावे. मी तुमचे पैसे अमुक दिवशी देईन असे म्हटले, तर तो दिवस पुढे ढकलण्याचा अधिकार माझा नाही, तुमचा आहे. प्रयोग हेही एक वचन आहे. तिकीट काढून, सुपारी देऊन आपण ते स्वीकारलेले असते. म्हणून, खेळ होईलच, हे वाक्य कलावंताच्या तोंडी शोभते, आणि आज खेळ राहू द्या, हे वाक्य आपल्या तोंडी. कलावंताचे वाक्य आपण उच्चारू लागलो की त्याचा सद्गुण आपल्या हातचा चाबूक होतो.

मग असे वाक्य प्रेक्षकांतून इतक्या क्वचित का ऐकू येते? प्रेक्षक दुष्ट असतात म्हणून नव्हे. जमावाला एक तोंड नसते, हे पहिले कारण. प्रत्येकाला वाटते की आपण एकटे थांबा म्हटले तर इतरांचा रसभंग होईल. दुसरे कारण असे की कलावंत आणि आपण यांच्यामध्ये ठेकेदार, व्यवस्थापक, उत्सव समिती अशी माणसे उभी असतात, आणि पडद्यामागची बातमी पडद्यापुढे येऊ न देणे हेच त्यांचे काम असते. तिसरे कारण अधिक खोल आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त तारुण्यातील नाट्यवेडाचे परीक्षण केले आहे. रंगमंचावरील दुःख पाहून माणूस रडतो आणि त्या रडण्यात सुख मानतो, याचे त्यांना नवल वाटले. त्यांचा मुख्य आक्षेप असा की नाटक प्रेक्षकाला दुःखिताच्या मदतीला बोलावीत नाही. त्याने केवळ शोक करावा एवढीच त्याची अपेक्षा असते. ऑगस्टीन यांनी नाटकाविषयी काढलेले सर्वच निष्कर्ष आपण स्वीकारू असे नाही. नाटकाने मन विशाल होते, हाही आपला अनुभव आहे. परंतु त्यांनी दाखविलेला धोका खरा आहे. शकुंतलेसाठी ढाळलेले अश्रू आपल्याला आपल्या कोमल हृदयाची खात्री पटवून देतात, आणि शकुंतलेच्या शालूतील माणूस उपाशी आहे की आजारी, हे पाहण्याची गरज मग आपल्याला भासत नाही.

येथे काही वाचक म्हणतील, कलावंताने हे जीवन स्वेच्छेने पत्करले आहे. त्याला सहानुभूती नको, टाळ्या हव्यात. बालगंधर्वांना कोणी थांबा म्हटले असते तरी ते थांबले असते काय? हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर देताना आपल्या परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो. आज्ञा आणि सल्ला यांत ख्रिस्तसभा फरक करते. चोरी करू नये ही आज्ञा आहे, ती सर्वांना बांधते. सर्वस्व देऊन टाकून व्रतस्थ व्हावे हा सुवार्तेतील सल्ला आहे. जो स्वीकारील तो धन्य, पण जो स्वीकारीत नाही त्याला कोणी दोषी म्हणू शकत नाही. आणि कोणाही माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध संन्यासी करता येत नाही. बालगंधर्वांचे त्या दिवशीचे कृत्य या दुसऱ्या प्रकारातील आहे. त्याला वंदन करावे. त्याचा नियम करू नये. पडद्यामागच्या एखाद्या पोराला त्यांचे उदाहरण देऊन, बाप वारला तरी आज रजा नाही, असे म्हणणारा व्यवस्थापक बालगंधर्वांचा गौरव करीत नसतो. तो एका माणसाने स्वखुशीने वाहिलेले फूल दुसऱ्याच्या अंगणातून ओरबाडीत असतो.

शिवाय एकाच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसराही मोजतो. त्या बालिकेला आईही होती. प्रसंग सांगताना आपण बहुधा तिचा उल्लेख करीत नाही. फिरत्या मंडळींच्या घरी राहिलेली माणसे, वडिलांचा चेहरा जाहिरातीत अधिक पाहणारी मुले, हंगामभर आजीपाशी ठेवलेली लेकरे, यांनीही खेळाला काहीतरी दिलेले असते, आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नसते.

आणि स्वेच्छा म्हणजे तरी काय? मोल्येरच्या उत्तराकडे पुन्हा पाहा. त्याने कलेचे नाव घेतले नाही, कीर्तीचे घेतले नाही. त्याने मजुरीचे नाव घेतले. ज्या व्यवस्थेत प्रयोग नाही तर पैसे नाहीत, त्या व्यवस्थेत कामगाराला, तुझी इच्छा असेल तर थांब, असे सांगणे हे अर्धेच औदार्य आहे. उचल फेडायची असलेल्या नर्तकीला विश्रांतीचा उपदेश फुकट देता येतो. तिची रात्रीची मजुरी मात्र फुकट देता येत नाही. म्हणून मोकळे करण्याच्या क्रियेत आपल्याला काहीतरी सोडावे लागते : सुपारी परत न मागणे, इसार बुडाला असे न म्हणणे, तिकिटाच्या पैशावर पाणी सोडणे. ज्या मोकळीकीची आपल्याला काहीच झळ लागत नाही, ती ऑगस्टीन यांनी वर्णिलेल्या अश्रूंहून फार वेगळी नसते. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी माणसाला केवळ साधन मानू नये, असे शिकविले. दुसऱ्याच्या श्रमावर आपण सारेच जगतो, हे त्यांना मान्य होते. 'केवळ' या शब्दावर त्यांचा भर होता. नट आपल्या आनंदाचे साधन आहेच. तो आणखी काय आहे, हे आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे.

धर्मगुरू या नात्याने मला ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. नटांशी तिचे वागणे नेहमीच उदार नव्हते. इ. स. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या धर्मपरिषदेने रंगभूमीवर काम करणाऱ्यांना, ते काम चालू असेपर्यंत, ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवले. त्या काळच्या रोमन खेळांतील क्रौर्य आणि बीभत्सपणा पाहता त्या कठोरपणाचे कारण समजू शकते. पण कारण गेल्यावरही कठोरपणा शतकानुशतके राहिला. मोल्येर मरणासन्न असताना बोलावलेल्या दोन धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला आणि त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले. अखेर राजाने मध्यस्थी केल्यावर २१ फेब्रुवारीच्या रात्री, अंधारात, त्याला मूठमाती मिळाली. ज्याने पन्नास कामगारांच्या भाकरीसाठी अखेरचा श्वास वेचला, त्याच्यासाठी दिवसाउजेडी प्रार्थना होऊ शकली नाही.

नट खोटे बोलतो, सोंग आणतो, हा जुना आक्षेप. येथे शुभवर्तमानातील एक शब्द मनोरंजक आहे. प्रभू येशूने ज्यांना ढोंगी म्हटले, त्यांच्यासाठी ग्रीक शुभवर्तमानात योजलेल्या शब्दाचा मूळ अर्थ रंगमंचावरील नट असा आहे. पण तो शब्द कोणाला लावला आहे ते पाहावे. चव्हाट्यावर उभे राहून लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना तो लावला आहे. नाटकातील नट कोणालाही फसवीत नाही; तो राजा नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. सकाळी डोक्यावर बोजा घेऊन तो आपल्यासमोरूनच जातो. मुखवटा चढवल्याचे जो लपवतो आणि तो कधीही उतरवीत नाही, दोष त्याचा आहे. आणि तो माणूस नाट्यगृहापेक्षा आपल्या घरांत, कचेऱ्यांत, आणि होय, आपल्या मंदिरांतही अधिक भेटतो.

आपल्या परंपरेत उदार आवाजही आहे आणि तो लहानसहान माणसाचा नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार करून असा निर्णय दिला की मानवी जीवनाला विरंगुळ्याची गरज आहे, म्हणून लोकांचे मन रमविणारा नटाचा व्यवसाय मुळात पापमय नाही. आणि त्याला योग्य प्रमाणात द्रव्य देणारे लोक पाप तर करीत नाहीतच, उलट न्यायाने वागतात, कारण ते त्याच्या सेवेचे मोल देत असतात. थॉमस यांनी येथे 'दया' म्हटले नाही, 'न्याय' म्हटले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच ठिकाणी ते प्राचीन मठवासीयांच्या चरित्रांतील एक आख्यायिका उद्धृत करतात. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी पफनूशियस यांनी देवाला विचारले की परलोकात माझ्या बरोबरीचा कोण असेल? उत्तर मिळाले, अमुक गावचा एक खेळिया. मूळ कथेप्रमाणे हा मनुष्य बासरी वाजवून पोट भरी. पूर्वायुष्यात तो दरोडेखोर होता. पण एका संकटात सापडलेल्या स्त्रीला आश्रय देऊन, कर्जापायी बंदीत पडलेला तिचा नवरा आणि मुले सोडवण्यासाठी त्याने आपले द्रव्य दिले होते. तपस्व्याचा सारा उपवास आणि बासरीवाल्याची ती एक रात्र देवाच्या तराजूत सारखी उतरली.

आपल्या काळात पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा आवाज पुढे नेला. तरुणपणी, पोलंड नाझींच्या टाचेखाली असताना, कारोल वोयतिवा या नावाने ते क्राकूव शहरातील एका गुप्त नाट्यमंडळीत काम करीत होते. १९४१ साली स्थापन झालेल्या त्या मंडळीला सभागृह नव्हते. लोकांच्या घरांतून, लपूनछपून प्रयोग होत आणि पकडले गेल्यास जिवावर बेतले असते. १९९९ सालच्या ईस्टरला त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले. ज्या संस्थेच्या सेवकांनी मोल्येरच्या दारी जाण्याचे नाकारले, तिच्या प्रमुखपदी तीन शतकांनंतर एक जुना नट बसला होता.

वाचकहो, आता हा विचार आपल्या अंगणात आणू. आपल्या धर्मग्रामांत सणाच्या निमित्ताने, शाळेच्या वा सोसायटीच्या कार्यक्रमासाठी बाहेरगावची मंडळी बोलावली जाते. ती कोठे उतरणार, स्त्री-कलावंतांना कपडे बदलण्यास बंद दाराची खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे काय, खेळानंतर मध्यरात्री गरम जेवण मिळणार की उरलेले बिर्याणीचे डबे, ठरलेली रक्कम निघण्यापूर्वी हातात पडणार की पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगणार, या साऱ्या बाबी व्यवस्थेच्या वाटल्या तरी त्या नीतीच्या आहेत. थॉमस यांच्या भाषेत त्या न्यायाच्या आहेत.

हाच नियम रंगमंचाबाहेरही लागू आहे. आपल्या लग्नांत बँड वाजविणारे, वाढपी म्हणून आलेली पोरे, घरकामाला येणारी बाई, रात्रपाळीची परिचारिका, हे सर्वजण कोणत्या ना कोणत्या अर्थाने आपल्यासाठी ठरल्या वेळी पडदा वर नेत असतात. घरी आई आजारी असूनही ती बाई कामाला आली, तर आपण तिच्या निष्ठेची चार घरी स्तुती करतो. स्तुती खोटी नसते. पण ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी, बाई, आज तू घरी जा, आणि आजचा पगार तुझाच, असे म्हणणे आपल्या हाती होते. ते शब्द ती स्वतःहून म्हणू शकत नव्हती. तिला मोकळे करण्याचा अधिकार तिच्याजवळ नव्हता. तो आपल्याजवळ होता. अधिकार ज्याच्याजवळ असतो, प्रश्नही त्यालाच विचारला जातो.

तमाशाच्या कनातीत दाटीने बसलेले ते प्रेक्षक कोण होते, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. बहुतेक सारे कष्टकरी असावेत. पदरचे पैसे मोडून आले असावेत. त्यांनी ना ऑगस्टीन वाचला होता, ना कांट. तरीही एक बाळंतीण आपल्यासमोर नाचायला उभी राहते आहे, हे दिसताच त्या जमावाला तोंड फुटले. पुढे विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, २००२ साली त्यांच्या निधनानंतर शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कारही सुरू केला. मात्र त्यांची अखेरची वर्षे पैशाच्या ओढाताणीतच गेली. पुरस्कार देणे सोपे नसते, पण त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी जे दिले ते वेळेवर दिले.

म्हणून उत्सव समित्यांपुढे एक छोटी सूचना ठेवावीशी वाटते. मंडळी ठरवताना आपण एक कागद करतो. त्यावर तारीख, वेळ, रक्कम आणि इसार लिहितो. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहावी : मंडळीतील कोणाच्या घरी मृत्यू, प्रसूती वा गंभीर आजार उद्भवल्यास खेळ रद्द होईल आणि दिलेली रक्कम परत मागितली जाणार नाही. ही ओळ वापरण्याची वेळ कदाचित कधीच येणार नाही. बहुतेक वेळा मंडळी येईल, पडदा वर जाईल आणि आपण हसू, रडू. परंतु पडदा वर नेणारा माणूस त्या रात्री स्वतःच्या इच्छेने उभा आहे, एवढे तरी आपल्याला खात्रीने म्हणता येईल.